मांजरपावल्याची बहीण

"एक तर ती पाटी उतरव, नाहीतर गाव सोड. तिसरा रस्ता मला तरी दिसत नाही."

धाकटा दीर बोलत होता आणि नवरा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा होता. गादीवाली त्या वेळी दुकानाच्या मागच्या बाजूला, कापसाच्या गठ्ठ्यांआड, दोऱ्याचं रीळ शोधत बसली होती. आपण आत आहोत हे दोघांच्या गावी नाही, हे लक्षात आल्यावर तिनं खोकायचं ठरवलं. मग मनाशी म्हणाली, कशाला? तोंडावर सगळेच गोड बोलतात. पाठीमागचं फुकट कानावर पडतंय तर पडू दे.

"तूच सांगून बघ तिला," नवरा शेवटी म्हणाला.

"मी? बायको तुझी का माझी?"

"माझी, म्हणूनच. माझं ती ऐकत नाही हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तुझं ऐकत नाही हे अजून कुणाला कळलेलं नाही. तेवढी तुझी अब्रू शाबूत आहे."

"चेष्टा नको, दादा. पाटीवर खुन्याचं आडनाव आहे. लोक दुकानासमोर थुंकून पुढे जातात."

"आडनाव आधी तिच्या बापाचं आहे. बाप थुंकण्यासारखा नव्हता."

"हे त्या वर्तमानपत्रवाल्यांना जाऊन सांग."

तेवढ्यात गादीवालीला रीळ सापडलं. ती पदरावरचा कापूस झटकत बाहेर आली. दिराचा चेहरा असा झाला की जणू त्यालाच कुणी चोरी करताना धरलंय.

"भाऊजी, चहा घेणार का? आणि ती पाटी फार जड आहे हो. एकट्याच्याने उतरायची नाही. ह्यांची कंबर धरलेली. म्हणजे दुसरं माणूस मीच. आणि मी काही हात लावणार नाही."

दीर चहा न घेता गेला. त्या घरातून चहा न घेता गेलेला तो पहिला आणि शेवटचा.

तर त्या पाटीखालच्या बाईची ही हकिकत. दुकान तिच्या बापाचं. गाद्या, उशा, आरामखुर्चीच्या बैठका. बाप गेला तेव्हा मुलाने दुकान चालवायचं असं ठरलं होतं, पण मुलाच्या हातात काही टिकत नसे. म्हणून मुलीनं, म्हणजे गादीवालीनं, ते पदर खोचून हातात घेतलं आणि नवऱ्याला सासरहून माहेरी आणून ठेवलं. लोक हसले. नवराही हसला, कारण त्याला गाद्यांवर लोळायला मिळालं.

धाकट्या भावाला ती 'धांदल्या' म्हणायची. तो घरात आला की आधी भांडं पडल्याचा आवाज यायचा, मग तो दिसायचा. दार उघडायचं तर कडी हातात, चहा आणायचा तर निम्मा बशीत आणि निम्मा सदऱ्यावर. आई नव्हती, म्हणून त्याला हिनंच वाढवलेला. वाढवताना कुठे टाका चुकला, हे तिला पुढे आयुष्यभर कळलं नाही. पण चुकला होता हे ती नाकारत नसे.

कारण धांदल्याने खून केले. तीन. आधी बाजारातला एक कापडवाला, मग एकटी राहणारी एक म्हातारी, आणि शेवटी गल्लीतलाच पहारेकरी. पहारेकरी एका दागिन्यांच्या दुकानावर बसायचा. धांदल्या खिडकीतून आत शिरला तेव्हा पहारेकऱ्याने त्याला ओळखलं आणि नावाने हाक मारली. त्या हाकेपायी त्याचा जीव गेला. लहानपणी धांदल्याला सायकल शिकवली होती ती त्याच माणसाने. पळताना धांदल्याचा पाय एका बादलीत अडकला, तो तोंडावर आपटला आणि लोकांनी त्याला धरला.

असा तो माणूस. आता वर्तमानपत्रांनी काय करावं? सकाळच्या एका पत्राने त्याचं नाव ठेवलं 'मांजरपावल्या'. पायांचा आवाज म्हणे येत नाही, भिंतीवरून सावलीसारखा सरकतो, डोळे अंधारात चमकतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या पत्राने चित्र छापलं, त्यात त्याला नखंसुद्धा दिली. पोरं घराबाहेर निघेनात. आयांना मुलांना झोपवायला आयतं नाव मिळालं.

गादीवालीला वाचता जेमतेम येई, पण चित्र दिसतंच की. तिनं ते नवऱ्यापुढे धरलं. "हा म्हणे सरकतो. माझ्या घरातली एक बशी धड ठेवली नाही ह्यानं."

"तू हसू नकोस बाई. कुणी ऐकलं तर म्हणतील भावाची बाजू घेते."

"बाजू कसली घेते? तीन घरांतली माणसं मारली त्यानं. फासावर चढला तर मी आडवी पडणार नाही. पण त्याचा गुन्हा आहे तेवढाच पुरे आहे की. त्याला आणखी उंच टाचा कशाला लावायच्या?"

तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. इथून हलायचं नाही. दिराला वाटे हा हट्ट आहे. तिच्या मुलीलाही तेच वाटे; ती सासरी होती, तिथून निरोप धाडी की आई, तू इकडे ये, इथे कुणी ओळखत नाही. पण गादीवालीचं म्हणणं निराळं होतं. समोरच्या घरात पहारेकऱ्याची बायको राहत होती. गादीवालीच्या दुकानाचं दार आणि तिचं दार अगदी तोंडासमोर. "उद्या तिला कुणाला शिव्या द्याव्याशा वाटल्या," गादीवाली म्हणे, "तर समोर कुणी तरी असायला नको का? आपल्या घराने तिचं घर बुडवलं आणि आपण गाशा गुंडाळून गेलो, तर तिनं काय रिकाम्या दाराला बोलायचं?"

पहारेकऱ्याची बायको मात्र शिव्या देत नव्हती. ती काहीच बोलत नव्हती. दुकानाकडे पाठ करून अंगण झाडायची, ते झालं की दार लावून घ्यायची.

तिच्या लग्नातली गादी गादीवालीनेच भरलेली. दर उन्हाळ्यात, ऊन कडक तापलं की, ती गादी उसवायची, कापूस झोडपून पिंजून मोकळा करायचा, गुठळ्या काढायच्या आणि पुन्हा भरून द्यायची, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. खून झाला त्या उन्हाळ्यातही गादीवाली रस्ता ओलांडून गेली. दाराबाहेर उभी राहिली. म्हणाली, "गादी?"

आतून आवाज आला, "नको."

ती परत आली. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा गेली. "गादी?" "नको." गल्लीतल्या बायका म्हणाल्या, हिला लाज कशी वाटत नाही. गादीवालीला लाज वाटत होतीच. पण लाज वाटते म्हणून काम टाळायचं, हे तिला पटत नसे. लाज वाटली तर मान खाली घालून जावं, पण जावं.

इकडे खटल्याचा निकाल लागला, फाशी ठरली, आणि आता वर्तमानपत्रांना नवं काही मिळेना. माणूस तर कोठडीत बसलेला. मग त्यांना आठवलं की शेवटच्या चोरीतली दागिन्यांची पिशवी, धरपकडीच्या गोंधळात नाहीशी झालेली, अजून काही सापडलेली नाही.

एक बातमीदार दुकानात आला. चष्मा, बूट, बोलणं अगदी साखरेत घोळलेलं. "मावशी, तुमच्या भावाच्या लहानपणीचं काही सांगा ना."

"सांगते की. भांडी फार पाडायचा."

"तसं नाही. मांजरं वगैरे मारायचा का?"

"मांजर त्याला सापडलं तर पाहिजे ना. ते आवाज ऐकूनच पळायचं."

बातमीदाराने ते लिहून घेतलं नाही. तो दुकानात इकडेतिकडे बघत राहिला. गादीवाली त्या वेळी एका गादीचं तोंड शिवत होती. तोंड शिवून झालं की शेवटच्या कोपऱ्यावर ती लाल दोऱ्याने एक फुली घालायची. बापापासूनची पद्धत. पुढच्या खेपेला गादी कुठून उसवायची ते कळावं, भलतीकडून कातरून खोळ फाटू नये, एवढ्यासाठी.

"ही खूण कसली?" बातमीदाराने विचारलं.

"उसवायची जागा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या पत्रात पहिल्या पानावर लाल फुली. आणि खाली जाड अक्षरांत, 'मांजरपावल्याची लूट गाद्यांत?' शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलेलं. म्हणजे उद्या कुणी कान धरला तर म्हणायला मोकळे की आम्ही आपलं विचारत होतो. बातमीत काय होतं? तर बहिणीच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या काही गाद्यांवर लाल फुलीची गुप्त खूण असते, आणि बहिणीने स्वतःच ती 'उसवायची जागा' असल्याचं सांगितलं.

काही गाद्यांवर नव्हे, सगळ्याच गाद्यांवर. गावात धड झोपणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या पाठीखाली ती फुली होती.

मग काय विचारता. घरोघरी लोकांनी चादरी उचलून कोपरे बघितले, आणि प्रत्येकाला वाटलं, अरे, ती गादी आपलीच. सगळ्यांनी दारं लावून घेतली. जो तो शेजाऱ्याला कळू नये म्हणून धडपडत होता, आणि शेजारी आतून तेच करत होता. सकाळपर्यंत रस्त्यावर कापूस उडत होता. कुणाच्या मिशीत, कुणाच्या चहात, गटाराच्या काठाने तर पांढरी झालर लागलेली. मास्तरांनी शाळेत शिंकून शिंकून एक धडा पुरा केला. वाण्याच्या आईला उठवून तिच्याखालची गादी फाडली होती. म्हातारी म्हणे, "मी मेल्यावर तरी विचारून न्याल का रे?"

सापडलं काय? एका घरात मुलाने लपवलेली गोफण. दुसऱ्या घरात कधीची हरवलेली सुई, ती सुद्धा बोटात घुसल्यावर.

दुकानात नवरा डोकं धरून बसला. "आता येतील आपल्या अंगावर. आपलंही दुकान उसवतील."

"येऊ देत. पण आधी झाडू दे. दारात किती कापूस आलाय बघा, चांगला लांब धाग्याचा आहे."

दुपारी ती झाडत असतानाच तिला समोर काहीतरी दिसलं. पहारेकऱ्याच्या बायकोचा पुतण्या गादी ओढत ओसरीवर आणत होता. त्याच्यामागे दोन शेजारी, आणि एका बाजूला तोच बातमीदार, वही काढून. पहारेकऱ्याची बायको दारात उभी होती. दोन्ही हातांनी गादीचं एक टोक धरलेलं.

"काकू, सोड. फुली आहे बघ," पुतण्या म्हणत होता. "काकांना मारलंय त्यानं. तुझाच हक्क आहे ह्याच्यावर. नुसतं बघून घेऊ."

गादीवालीनं झाडू भिंतीला टेकवला. रस्ता ओलांडला. ज्या ओसरीवर खून झाल्यापासून तिला पाय ठेवायची परवानगी नव्हती, तिच्यावर ती न विचारता चढली आणि गादीवर जाऊन बसली. मांडी घालून, दुकानात बसते तशी.

पुतण्याच्या हातात कातर होती. "उठ मावशी."

"नाही उठत."

"म्हणजे आत आहे काहीतरी."

"आहे. कापूस आहे. मी भरलाय."

"मग उघडू दे ना, भीती कसली?"

"गादी तुझी आहे का? गादी हिची आहे. हिनं सांगितलं तर मी स्वतः उसवते, माझ्या दाभणाने. हिनं सांगितलेलं मला ऐकू आलं नाही. तुला आलं का?"

पुतण्याने काकूकडे बघितलं. काकू गादीचं टोक धरूनच उभी. तिनं मान हलवली. नाही म्हणून.

बातमीदार पुढे झाला. "मावशी, तुम्ही खुन्याची बहीण. इथे बसायला तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. फार वाटतं. म्हणून काय उठू?" ती म्हणाली. "तुम्ही लिहा, बाबा. लिहा की खुन्याच्या बहिणीने त्याच घरात ठाण मांडलं. पण त्याच्या खाली हेही लिहा की गावभर इतकी कापाकापी झाली त्यात एक मणीसुद्धा निघाला नाही. ते लिहाल का?"

तो लिहीत होता तेवढ्यात थांबला. शेजाऱ्यांपैकी एकाने नाक शिंकरलं. त्याच्या स्वतःच्या केसांत कापूस होता, आणि तो दुसऱ्याने बघितला, आणि पहिल्याने दुसऱ्याच्या भुवईवरचा बघितला. मग दोघांना घरी काहीतरी काम आठवलं. पुतण्या थोडा वेळ कातर उघडझाप करत राहिला. पण एका बसलेल्या बाईला उचलून बाजूला ठेवायचं, ते पण वर्तमानपत्रवाल्यासमोर, हे त्याला जमलं नाही. तो काहीतरी पुटपुटत गेला. बातमीदार त्याच्यामागे गेला, कारण आता बातमी पुतण्याकडे होती.

ओसरीवर दोघीच उरल्या. मग पहारेकऱ्याच्या बायकोने खुनानंतर पहिल्यांदा 'नको'पेक्षा जास्त शब्द काढले.

"आता उठ. डाव्या अंगाला त्यांचा खड्डा आहे. तू बसल्याने बिघडेल."

"मी उजव्या कडेला बसलेय," गादीवाली म्हणाली. "बसतानाच बघितलं. गादीवाली आहे मी."

मग तिला कळलं, दर उन्हाळ्यातलं ते 'नको' नुसतं रागाचं नव्हतं. गादी पिंजली की कापूस मोकळा होतो, फुगतो, आणि माणूस जिथे निजत होता ती खोल जागा पुसली जाते. दोघींनी मिळून गादी आत नेली. पलंगावर टाकताना डावी बाजू दोघींनीही खालून हात देऊन धरली, भरलेलं भांडं धरावं तशी. ती बाई म्हणाली, "तुला माफ केलं असं समजू नकोस."

"तसं कुठे म्हटलं मी?" गादीवाली म्हणाली आणि झाडू मारायला परत गेली.

त्यानंतर आठवडाभरात गाव दुकानात यायला लागलं. एकेक जण, अंधार पडता पडता, पोत्यात कापूस आणि बगलेत फाटकी खोळ घेऊन. जमिनीवर निजून पाठी धरल्या होत्या सगळ्यांच्या.

"काय झालं हो गादीला?" गादीवाली विचारायची.

"उंदीर."

"तुमच्याकडे पण? यंदाचे उंदीर कातरीने कापायला शिकलेत वाटतं. शिवण बघा कशी सरळ कापलीय."

दीर म्हणाला, "वहिनी, ह्यांना दारातून हाकलून द्यायचं. हेच थुंकत होते."

"हाकलून देऊ आणि झोपणार कशावर ते? जागरणाने माणूस आणखी वर्तमानपत्र वाचतो."

तिनं सगळ्या गाद्या भरून दिल्या. ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने. न थुंकणाऱ्याची आधी नाही आणि थुंकणाऱ्याची नंतर नाही. आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यावर लाल फुली घातली. नवरा म्हणाला, निदान दोऱ्याचा रंग तरी बदल. ती म्हणाली, रीळ अजून संपलेलं नाही.

दागिन्यांची पिशवी पुढे दुसऱ्याच एका शहरात, एका विकत घेणाऱ्याकडे सापडली. ते छापून आलं आतल्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, एका ओळीत.

फाशीच्या आदल्या दिवशी गादीवाली भावाला भेटून आली. काय बोलणं झालं ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्या दिवसांत ती नेहमीपेक्षा जोराने कापूस झोडपायची, तेवढंच. फाशी झाली, देह ताब्यात घेतला, जे करायचं ते चार माणसांत केलं आणि दुपारी ती दुकानात येऊन बसली. डोळे सुजलेले होते.

"आज तरी बंद ठेवायचं," दीर म्हणाला. दीर त्या दिवशी सकाळपासून तिच्याबरोबर होता, आणि ते ती विसरली नाही.

"बंद ठेवलं तर लिहितील की बहिणीला तोंड दाखवायची लाज वाटली. उघडं ठेवलं तर लिहितील की बहिणीला दुःख नाही. लिहिणारच आहेत, भाऊजी. मास्तरांची उशी मात्र आज द्यायचीय."

दुसऱ्या दिवशी तीन वर्तमानपत्रांनी मांजरपावल्याचे तीन निरनिराळे शेवटचे शब्द छापले. एकात तो देवाला हाक मारत होता, एकात जगाला शाप देत होता, तिसऱ्यात म्हणे हसला. मास्तरांनी धीर करून विचारलं, "ह्यातलं खरं कुठलं?"

"एकही नाही. एवढी लांब वाक्यं त्याला येत नव्हती," ती म्हणाली, आणि उशी त्यांच्या हातात दिली. "मानेखाली नीट घ्या. नाहीतर परत म्हणाल, उशी वाईट."

त्या उन्हाळ्यात ती पुन्हा रस्ता ओलांडून गेली. दाराशी उभी राहिली. "गादी?"

आत पलंग करकरला. मग, "उजवी बाजू फार गुठळ्यांची झालीय. पण डावी—"

"डावीला हात लावत नाही. मधून उभी शिवण घालते. उजवी तेवढी मोकळी करून भरते."

"असं करतात?"

"कोण करतं? माझ्या बापाने पाहिलं असतं तर मला दुकानातून बाहेर काढलं असतं. पण होतं. करता येतं."

गादी आली. गादीवालीने मधोमध घट्ट शिवण घातली आणि अर्धी गादी उसवून अर्धी तशीच ठेवून काम केलं. धंद्याच्या दृष्टीनं असली बेढब गादी तिनं कधी भरली नव्हती. एक बाजू फुगलेली, एक बाजू बसलेली. तिनं स्वतःच ती उचलून समोर नेली. पहारेकऱ्याची बायको म्हणाली, "ठेव तिथे." त्या घरात तिला पाणी पुढच्या वर्षी मिळालं, आणि चहा आणखी बऱ्याच वर्षांनी. त्यातही ती बाई साखर कमी घालायची. मुद्दाम का सवयीनं, ते गादीवालीनं कधी विचारलं नाही.

वर्षं गेली. नवरा गेला. मांजरपावल्याला लोक विसरले. नवे खुनी आले, त्यांना नवी नावं मिळाली. पाटीवरचा रंग उडाला, आडनाव नीट वाचताही येईना, तेव्हा दिरानेच माणूस आणून ती पुन्हा रंगवून घेतली. तेच आडनाव, ठळक.

समोरची गादी भरून द्यायची अखेरची खेप होती, त्या दिवशी ऊन लख्ख पडलेलं. गादीवालीला आता गादी उचलवत नसे, म्हणून दिराच्या मुलाने ती समोर पोचवली. ती मागून काठी टेकत आली, दाभण पदराला खोचून. पहारेकऱ्याच्या बायकोने पलंगावर गादी पसरली, उजव्या बाजूवरून हात फिरवला आणि थांबली.

"इथे गुठळी राहिलीय."

"कुठे?"

"ही काय. डोळे गेले का तुझे?"

"गेलेतच. सरक जरा." गादीवाली पलंगाच्या कडेला बसली, कोपऱ्याचे चार टाके काढले, हात आत घालून ती गुठळी चाचपून शोधली, बोटांनी मोकळी केली आणि पुन्हा टाके घातले. दोरा दाताने तोडायला गेली, पण दात राहिले नव्हते. म्हणून दुसरीने तो आपल्या दाताने तोडला.

"आता बघ."

"बरी आहे."

"बरीच असते," गादीवाली म्हणाली, काठी उचलली, आणि दोन्ही बाजूंना बघून सावकाश रस्ता ओलांडला.